भेगा शोधणारे यंत्र आणि अंडाशयातील बीजसाठा

१/ २१ जुलै १९५५. स्कॉटलंडमधील रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात दोन मोटारी आल्या. त्यांच्या डिक्कीत शस्त्रक्रियेने काढलेल्या गर्भाशयाच्या व अंडाशयाच्या गाठी होत्या. त्या आणणारे होते ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड. आज वंध्यत्वाच्या उपचारांपूर्वी स्त्रीच्या अंडाशयातील बीजसाठा सोनोग्राफीने अजमावला जातो. त्या तपासणीचे एक मूळ या कारखान्यात आहे.

२/ धातूत दडलेल्या भेगा शोधण्यासाठी तेथे श्राव्यातीत ध्वनिलहरींचे यंत्र वापरले जाई. डोनाल्ड यांनी तेच गाठींवर लावून पाहिले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा पुरवला होता. घन गाठ आणि द्रवाने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे निराळे उमटले.

३/ पुढे अभियंते टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकार त्यांना येऊन मिळाले. ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट'मध्ये तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी एका स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. यंत्राने मात्र अंडाशयाची द्रवाने भरलेली प्रचंड गाठ दाखवली. ती काढली गेली आणि रुग्ण वाचली.

४/ बीजसाठ्याचा प्रश्न याहून जुना. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या अंडाशयातील स्त्रीबीज ओळखले. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. १९५२ मध्ये स्वीडनच्या एरिक ब्लॉक यांनी अंडाशयाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली अशी मोजणी केली. पण त्यासाठी अंडाशय शरीराबाहेर असणे भाग होते. जिवंत स्त्रीच्या हाती त्यातून काहीच येत नव्हते.

५/ १९७२ मध्ये व्हिएन्नाच्या आल्फ्रेड क्राटोखविल यांच्या गटाने ध्वनिलहरींनी अंडाशय दाखवले. १९७९ मध्ये हाकेलोअर आणि सहकाऱ्यांनी बीजाभोवतीच्या द्रवाच्या पिशवीची, म्हणजे फॉलिकलची वाढ आणि संप्रेरकांची पातळी यांचा मेळ दाखवला. तरी तपासणी पोटावरून, मूत्राशय भरलेले ठेवून होई. बारीक फॉलिकल धूसरच राहत.

६/ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउनचा, तर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. आता प्रश्न व्यवहाराचा बनला: औषधे दिल्यावर बीजे किती मिळतील? त्याच दशकात योनिमार्गातून वापरायचा प्रोब रुळला. अंडाशय जवळून, ठळक दिसू लागले.

७/ १९९० च्या दशकात मोजणीची पद्धत आकाराला आली. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दोन्ही अंडाशयांतील २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजायचे. खरा साठा ज्या आदिम फॉलिकलांचा, ती इतकी सूक्ष्म की सोनोग्राफीत दिसतच नाहीत. म्हणजे ही शितावरून भाताची परीक्षा. फरक इतकाच, की येथे भात किती आहे हे कळते, तो कसा आहे हे नाही.

८/ २०११ च्या बोलोन्या निकषांनी ५ ते ७ पेक्षा कमी फॉलिकल हे उपचारांना अल्प प्रतिसादाच्या शक्यतेचे एक लक्षण मानले. मात्र बीजाचा दर्जा मुख्यतः वयाशी निगडित असतो. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये, रक्ततपासणीत साठा कमी दिसूनही नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही.

९/ हा भेद महत्त्वाचा आहे. पुरुषाची तपासणीही न करता स्त्रीवर 'वांझ' हा शिक्का मारण्याची रीत फार जुनी आहे. फॉलिकलांचा आकडा औषधाची मात्रा ठरवायला आणि दांपत्याला वास्तव अपेक्षा सांगायला उपयोगी पडतो. नवा शिक्का म्हणून तो वापरला, तर यंत्र नवे आणि रीत मात्र जुनीच राहते. डोनाल्ड यांच्या यंत्राची कीर्ती झाली ती एका स्त्रीवरचा चुकीचा निर्णय खोडून काढल्यामुळे, हे विसरता कामा नये.