सर्पगंधा: औषधाच्या बाटलीत रान किती मावते?

१/ दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये वसलेले गाव. याच कोकणपट्टीतील ओलसर, सावलीच्या रानांत हातभर उंचीचे एक झुडूप आढळते: सर्पगंधा, अर्थात अडकई. फुले पांढरी, देठ लालसर, पिकलेली फळे काळी. औषध मात्र जमिनीखाली, मुळांत असते.

२/ निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर हे मूळ वैद्य शतकानुशतके वापरीत आले. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील त्याचा उपयोग आधुनिक वैद्यकाच्या भाषेत मांडला. तरीही जगाचे लक्ष तिकडे गेले नाही.

३/ ते वेधले मुंबईने. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळातून ‘रेसरपीन’ वेगळे केले होते.

४/ येथून वनस्पतीचे दैव फिरले. पान खुडले तर झाड पुन्हा पालवते, फळ तोडले तर पुढच्या वर्षी पुन्हा धरते. मूळ काढणे म्हणजे झाडच काढणे. ते बी धरण्यापूर्वी उपटले गेले, तर पुढची पिढीही त्याबरोबर जाते. त्यातच सर्पगंधेच्या बियांची उगवण मुळात कमी.

५/ मागणी केवळ रेसरपीनपुरती नव्हती. आयुर्वेद व युनानीप्रमाणे होमिओपॅथीनेही हे मूळ स्वीकारले. येथे एक रंजक प्रश्न उभा राहतो: ज्या पद्धतीत औषध इतके विरल केले जाते, तिचा रानावर भार तरी किती?

६/ हिशेब पाहू. ‘३० सी’ म्हणजे शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरलीकरण. मूळ पदार्थाचा वाटा उरतो एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक. अशा द्रावणात मूळ द्रव्याचा एखादा रेणूही सापडण्याची शक्यता जवळजवळ नसते. त्यामुळे त्याच्या परिणामकारकतेला विज्ञानाची मान्यता नाही. पण त्यासाठी रानही फारसे खणावे लागत नाही.

७/ मात्र सर्पगंधा अनेकदा ‘मदर टिंक्चर’ म्हणून, म्हणजे विरल न केलेल्या मूळ अर्काच्या थेंबांनी दिली जाते. त्यात खरे मूळ असते, खरी अल्कलॉइडे असतात आणि म्हणून खरे झाडही मेलेले असते. एकाच पद्धतीची दोन औषधे. रानाच्या दृष्टीने दोन टोके.

८/ हा प्रश्न होमिओपॅथीच्या जन्माइतकाच जुना आहे. १७९० मध्ये हानेमान यांनी स्वतःवर पहिला प्रयोग केला तो सिंकोनाच्या सालीचा. या सालीसाठीही दक्षिण अमेरिकेतील अँडीजची राने ओरबाडली जात होती. पुढे १८६० च्या सुमारास निलगिरीत व जावामध्ये सिंकोनाच्या लागवडी उभ्या राहिल्या आणि औषधाचा भार रानावरून मळ्यावर आला.

९/ सर्पगंधेचे तसे झाले नाही. वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रेसरपीन प्रयोगशाळेत घडवले. तो रसायनशास्त्रातील मानदंड ठरला, पण उद्योगाला मुळापासून अर्क काढणेच परवडत राहिले. भारताने मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यांच्या चौकटीत आला.

१०/ लागवड अशक्य नाही. मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. पण पीक हाती येण्यास साधारण दीड ते तीन वर्षे लागतात. रानातून उपटलेल्या मुळाला ही प्रतीक्षा नसते, खतपाण्याचा खर्च नसतो. बाजारात ते स्वस्त पडते, कारण झाड वाढण्यासाठी लागलेली वर्षे त्याच्या किमतीत कोणीच धरत नाही.

११/ म्हणून औषधाचा पर्यावरणाशी असलेला हिशेब ‘नैसर्गिक’ या शब्दाने मिटत नाही. पद्धत कोणतीही असो, प्रश्न दोनच: वनस्पतीचा कोणता भाग घेतला, आणि तो शेतातून आला की रानातून? बुरोंडीच्या तालुक्याच्या ठिकाणी, दापोलीत, १९७२ पासून कोकणचे कृषी विद्यापीठ आहे. या प्रश्नाचे उत्तर घडायचे ते अशाच संस्थांत आणि कोकणातील शेतांत. रानाने आपला वाटा केव्हाच दिला आहे.