कृशाचें पथ्य

मालवणच्या किनाऱ्यावर जेवण म्हणजे भात. सकाळीं उकड्या तांदळाची पेज, दुपारीं भात आणि माशांची कढी, रात्रीं पुन्हां भात. भाकरी केली तरी बहुधा ती तांदळाचीच. अशा घरांत मधुमेहानें पाऊल टाकलें म्हणजे पहिला घाव भातावर पडतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं तो तात्यांच्या ताटावर पडला. तात्या अंगानें मुळांतच सडपातळ. ‘पिष्टमय पदार्थ सोडा’ असें त्यांनीं एकाकडून ऐकलें, ‘जेवणच निम्मे करा’ असें दुसऱ्याकडून. दोन्ही उपदेश एकाच आठवड्यांत अंगीकारिले, आणि साखर उतरविणाऱ्या गोळ्या मात्र पूर्वींप्रमाणेंच चालूं ठेविल्या. दहाव्या रात्रीं घामानें चिंब होऊन ते असंबद्ध बोलूं लागले. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजतां आलें, व थोड्या वेळानें ते भानावर आले. तेव्हांपासून आम्हांस या दुहेरी पथ्याचा इतिहास चाळण्याचा छंद लागला.

आरंभ अर्थातच संहितांपासून. प्राचीनांचा ‘प्रमेह’ हा आजच्या मधुमेहाहून व्यापक, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. चरकसंहितेनें त्याचीं कारणें सांगतांना बसून राहण्याचें व निजून राहण्याचें सुख, दहीं, दूध, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांच्या पंक्तीस जलचरांचे मांसरसहि बसविले आहेत. मालवणी वाचकाच्या कपाळास येथें आठी पडणार. माशांत पिष्ट नाहीं, त्यामुळें रक्तांतील साखर त्यांनीं फारशी वाढत नाहीं, असें आजचें ज्ञान सांगतें. तेव्हां बांगड्याची बाजू घेण्यास हरकत नाहीं. गुळांत घोळलेल्या खाजाविषयीं मात्र चरकांशीं वाद घालण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं.

सुश्रुतसंहिता याहून बारकाईनें पाहते. तिच्या मतें प्रमेही दोन प्रकारचे. एक जन्मतःच रोगाचें बीज घेऊन आलेला. तो कृश, रुक्ष, थोडें खाणारा व फार तहानेला. दुसरा अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला. तो स्थूल, बहुभोजी, आसनप्रिय व निद्राप्रिय. पथ्यांत जुनें धान्य सांगितलें आहे, तेंहि हरभरा, तूर, मूग व कुळीथ यांच्या जोडीनें. आमच्या कुळथाच्या पिठीस इतकी जुनी शिफारस असेल, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. नंतर येतात प्रसिद्ध व्यायाम. निर्धनानें अनवाणी, छत्रीवांचून, भिक्षा मागत शंभर योजनें चालावीं. कोणी शेत नांगरावें, कोणी विहीर खणावी. आणि हे सारे कष्ट सांगून होतांच संहिताकार एका लहानशा वाक्यांत बजावितो, कीं कृश रोग्यास मात्र सदैव जपावें. विहिरीची गोष्ट सर्वांस पाठ असते. त्यापुढील हें वाक्य फारसें कोणी सांगत नाहीं.

युरोपांत हीच गांठ निराळ्या वाटेनें पडली. ब्रिटिश तोफखान्याचे वैद्य जॉन रोलो यांनीं १७९७ सालीं कॅप्टन मेरिडिथ नांवाच्या एका स्थूल रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची भाकर बंद करून त्यांनीं त्यास मांस व चरबी यांवर ठेविलें, आणि लघवींतील साखर उतरली. हें झालें पिष्टाचें पथ्य. पुढें १८७०–७१ मध्यें पॅरिसला वेढा पडला असतां आपोलिनेर बुशार्दा यांच्या ध्यानीं आलें, कीं उपासमार सोसणाऱ्या कांहीं रोग्यांची साखर आपोआप नाहींशी होत आहे. हें झालें मात्रेचें पथ्य. दोहोंची निष्ठुर जोड घातली ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील फ्रेडरिक ॲलन यांनीं, १९१४ च्या सुमारास. तोंवर डॉक्टर पिष्ट काढून त्या जागीं तूपचरबी भरीत. ॲलन यांनीं तीहि छाटली. लघवी निर्मळ होईपर्यंत पूर्ण उपवास, मग सोसेल तितकेंच अन्न. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हन्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ १९१९ पासून या पथ्यावर होती. ऑगस्ट १९२२ मध्यें ती टोरोंटोस डॉक्टर बँटिंग यांच्याकडे पोंचली तेव्हां पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील त्या मुलीचें वजन सुमारें वीस किलो होतें. तिच्या शरीरांत इन्सुलिन जवळजवळ बनतच नव्हतें. उपाशी राहून ती बरी होणार नव्हती, तग मात्र धरूं शकली. त्याच वर्षीं जानेवारींत रोग्यांस प्रथम टोंचलेलें इन्सुलिन तिला मिळालें, आणि ती १९८१ पर्यंत जगली. ॲलन यांस क्रूर म्हणावें कीं जीवदाते, याचा निवाडा आम्हांस करवत नाहीं.

इन्सुलिन आलें तसें अर्धपोटी राहण्याचें पथ्य मागें पडलें. तें परतलें आपल्या शतकांत, आणि स्थूलांसाठीं. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या प्रयोगांत रोग्यांस तीन ते पांच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ उष्मांकांच्या पातळ आहारावर ठेविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें वर्षअखेर शेंकडा ४६ जणांचा मधुमेह औषधांवांचून शमलेला होता. या वार्तेचा उत्तरार्ध आपल्याकडे क्वचितच पोंचतो. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, बंद केल्या होत्या. आणि सडपातळ माणसांस त्यांत प्रवेशच नव्हता.

मग सडपातळांनीं काय करावें? येथें पुण्याकडे वळावें लागतें. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचेंच छायाचित्र छापिलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें, देहभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२! बाहेरून कृश, आंतून स्थूल, असा हा भारतीय देह. सुश्रुतांच्या दोन कप्प्यांपैकीं तो कोणत्या कप्प्यांत घालावा? अशांस थोडें वजन उतरविल्यानें लाभ होऊं शकतो. परंतु खरोखरीचे कृशहि आहेतच. अपुऱ्या पोषणाशीं निगडित मधुमेहाचा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेनें १९८५ सालीं केला व १९९९ सालीं मोडला. २०२५ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें त्यास ‘पांचवा प्रकार’ म्हणून पुन्हां मान्यता दिली. अशा रोग्याचें जेवण निम्मे करणें म्हणजे मूळ रोगासच खतपाणी घालणें होय.

पिष्टाचें माप आणि उष्मांकांचें माप हीं एक नव्हेत, हें आमच्या किनाऱ्यावर नारळ शिकवितो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातांत सुमारें १३० उष्मांक व २८ ग्रॅम पिष्ट असतें. तितक्याच ओल्या खोबऱ्यांत पिष्ट व साखर अगदीं थोडी, पण उष्मांक साडेतीनशेंच्या घरांत. स्थूल माणसानें भात सोडून वाटपाचें खोबरें वाढविलें तर पहिलें पथ्य पाळलें जाऊन दुसरें मोडतें. आणि एकादशीचा साबुदाणा? तो तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. त्यास उपवास कोणत्या तोंडानें म्हणावें!

तात्यांच्या डॉक्टरांनीं प्रथम गोळ्या कमी केल्या, मग वजन केलें, आणि शेवटीं कंबरेस फीत लाविली. वजन बेताचेंच होतें, फीत मात्र अपेक्षेहून लांब गेली. आतां दुपारीं एक मूद भात, वाडगाभर कुळथाची पिठी, भाजी आणि बांगडा, तळलेला नव्हे. रात्रीं नाचण्याची एक भाकरी व डाळ. दर रविवारीं वजन भिंतीवरील कालनिर्णयावर लिहिलें जातें. तें ठरल्याहून खालीं गेलें तर भाताची मूद वाढते. सकाळची पेज तात्यांनीं सोडली नाहीं. वाटी लहान घेतली, इतकेंच.