पिंगळ्याची साक्ष

नवरात्र संपत आलें म्हणजे आमच्या चंद्रपुराकडील आकाश धुऊन काढल्यासारखें निर्मळ होतें. मूल-सिंदेवाहीकडील धानावर पिवळी झांक चढते, नाल्याकांठीं काशाचे पांढरे तुरे डोलूं लागतात, आणि जुनोन्याच्या तलावावर अडया व कमळपक्षी यांच्या जोडीला उत्तरेकडील पाहुणे उतरतात. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं कॅमेरा घेतला तो या ऋतूच्याच मोहानें. दूरचा प्रवास खिशास परवडत नाहीं आणि गुडघ्यांसहि मानवत नाहीं. तेव्हां परसांतील चिंच, रामाळा तलावाचा कांठ आणि फार तर जुनोना, एवढाच माझा मुलूख.

त्या चिंचेवर एका कार्तिकांत, भर दुपारीं, एक पिंगळा बसलेला मला सांपडला. मीं त्याचें छायाचित्र घेतलें. माझे एक जुने सहकारी तें पाहतांच उद्गारले, "गुरुजी, दिवसा बसतो तो वनपिंगळा!" वनपिंगळा म्हणजे दुर्मिळांतला दुर्मिळ पक्षी. चार दिवस मी हवेंत होतों. वर्तमानपत्रास धाडावयाचें पत्रहि लिहून ठेविलें. पांचव्या दिवशीं चित्र मोठें करून पाहिलें, तों डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी! वनपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्यांचें असतें. हा आपला नेहमींचाच ठिपकेदार पिंगळा. पत्र फाडलें, परंतु त्या निमित्तानें वनपिंगळ्याचा इतिहास वाचून काढला, तोच आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

गेल्याच्या मागील शतकांत पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे त्याचें कातडें. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड हे भूगर्भशास्त्रज्ञ चांद्याच्या परिसरांतील कोळसा शोधीत होते. त्यावरील त्यांचा लेख 1868 सालीं प्रसिद्ध झाला. हेच गृहस्थ पक्ष्यांचेहि गाढे अभ्यासक होते. आपल्या पूर्वेस, आज छत्तीसगडांत मोडणाऱ्या बसना गांवाजवळ, 1872 सालीं ब्लूइटसाहेबांनीं एक लहानसें घुबड मारिलें. दुसऱ्याच वर्षीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें वर्णन करून त्यास ब्लूइटांचें नांव दिलें. हे ह्यूम म्हणजे 1885 सालच्या राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकीं एक, हें श्रोत्यांच्या ध्यानीं आलेंच असेल.

कॅमेरा त्या काळीं नव्हता असें नाहीं. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था 1854 सालींच निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी तींत होते. परंतु कांच ओली असतांच चित्र घ्यावें व लगोलग धुवावें लागे. शिवाय प्रकाश पुरेसा मिळेपर्यंत समोरच्यानें निश्चल राहिलें पाहिजे. लेणें राहील, माणूसहि राहील. पक्षी कशाला राहतो? कोरड्या कांचा आल्यावर ही अडचण सरली. इंग्लंडांतील कीर्टन बंधूंनीं 1892 सालीं घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें तर पोकळ बैलाच्या पोटांत बसून ते पक्षी टिपूं लागले. शिक्षकाला असा बैल मिळाला असता तर परीक्षेच्या वेळीं मोठा उपयोग झाला असता! आमच्या ताडोब्यांत 1935 सालीं शिकार बंद झाली आणि 1955 सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें.

वनपिंगळ्याचें मात्र निराळेंच झालें. जगांतील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने. त्यांतील एकावर कर्नल मायनर्टझागेन यांची चिठ्ठी होती, कीं तो 1914 सालीं गुजराथेंत मांडवीस मिळाला. पुढें पामेला रासमुसेन यांनीं तपास केला, तों उघड झालें कीं तें कातडें एकोणिसाव्या शतकांत खानदेशांत डेव्हिडसन यांनीं मिळविलेलें; कर्नलांनीं तें संग्रहालयांतून उचलून, पुन्हां शिवून, नवी चिठ्ठी बांधली होती. म्हणजे गुजराथेकडे पाहणें व्यर्थ. 1997 च्या नोव्हेंबरांत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्यापर्यंत आले, आणि 25 तारखेच्या सकाळीं एका निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला त्यांना दिसला. शंभरांहून अधिक वर्षांनीं! त्यांनीं बंदूक उचलली नाहीं, चित्रें घेतलीं. पुढें मेळघाटांतहि हा पक्षी आढळला.

कर्नलांचें कातडें खरें, चिठ्ठी खोटी. माझें चित्र खरें, पण मीं त्याला चिकटविलेलें नांव चुकीचें. दोहोंत हेतूचें अंतर आहे, हें मान्य; परंतु माझें पत्र टपालांत पडलें असतें तर वाचणाऱ्याला तें अंतर कोठून कळणार होतें? म्हणून त्या दिवसापासून एक वही ठेविली आहे. तींत स्थळ, तारीख, वेळ आणि "नांव निश्चित" किंवा "शंका" यांपैकीं एक शब्द लिहितों.

गेल्या दसऱ्यास तारेवर नीळकंठ दिसला. त्याचें दर्शन त्या दिवशीं शुभ मानितात. सौभाग्यवतींना हांक मारीपर्यंत तो उडाला. चित्रांत निळ्या पंखाचा एक पुसट फराटा तेवढा आला आहे. वहींत नोंद केली: रामाळा, सकाळीं सव्वासात, नांव निश्चित, चित्र वाईट.