'डोएक' योजना आणि संगणक-कौशल्याचे मोजमाप
१९८० च्या दशकात खासगी संगणकवर्गांचे पेव फुटले. प्रत्येकाच्या प्रमाणपत्राचा तोल मात्र निराळा. नोकरी देणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा? इलेक्ट्रॉनिक्स विभाग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी १९९० मध्ये आणलेली 'डोएक' योजना हे त्याचे उत्तर होते. अध्यापन खासगी संस्थेत, परीक्षा मात्र देशभर एकच, ही तिची जमेची बाजू. परंतु 'ओ' पायाभूत, 'बी' एम.सी.ए. समकक्ष, 'सी' एम.टेक. समकक्ष अशा पातळ्या पदव्यांच्या मापाने आखल्या गेल्या, कामाच्या नव्हे. अमुक पदावरील व्यक्तीला प्रत्यक्षात काय करता आले पाहिजे, हा प्रश्न २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने केंद्रस्थानी आणला. मधल्या २३ वर्षांत ही उणीव मोठ्या कंपन्यांनी भरतीनंतरच्या प्रशिक्षणाने भरून काढली; ज्यांची तेथे निवडच झाली नाही, त्या प्रमाणपत्रधारकांचा विचार, आमच्या मते, फारसा झाला नाही.