बार्शी लाइटचा हिशेब

कंपनीला नफा किती झाला, हे विचारण्याआधी तो कसा काढला हे विचारावे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे ताळेबंद वाचावयास शिकलो ते यासाठीच. आणि कुर्डुवाडीच्या इतिहासात त्याचा चांगला धडा आहे.

बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदली गेली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रुळांतील अंतर अडीच फूट, यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ, आणि चाकांच्या कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नाही, हा त्याचा नियम. भार सारखा वाटला गेल्याने हलक्या रुळावरही मोठी वाघिण चाले. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, येथून बार्शीस गाडी सुटली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज जोडले गेले. मालमत्तेचा कस उत्तम होता.

ही रेल्वे विकत घेण्याचा सरकारचा हक्क १८९५ च्या करारातच होता. म्हणजे भांडवलाच्या शेवटाचा विचार आरंभीच झाला होता. कामगाराच्या शेवटाचा विचार कोठे होता? १ जानेवारी १९५४ रोजी रेल्वे सरकारकडे गेली, आणि आदल्या दिवसापासून नोकरी संपल्याची नोटीस कंपनीने कामगारांना दिली. बहुतेकांना सरकारी रेल्वेत घेतले गेले. पण जुन्या सेवेची भरपाई कोणी द्यावयाची? के. एन. जोगळेकर यांनी कामगारांच्या वतीने चालविलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला : चालू धंद्यात जादा ठरलेले कामगार काढणे म्हणजे कपात, धंदा बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. १९५७ मध्ये संसदेने कायदा सुधारून अशा प्रसंगीही भरपाई ठेवली, पण ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून. बार्शी लाइटचे कामगार अलीकडच्या काठावरच राहिले.

आता हिशेबाकडे वळू. इंजिन झिजते, म्हणून घसारा धरतात. तो वीस वर्षांत धरावा की चाळीस, यावर नफा बदलतो. गाडी मात्र तीच धावते. ग्रॅच्युइटीचेही तसेच. ती दरवर्षी थोडी थोडी धरली तर नफा कमी दिसतो. माणूस निवृत्त होईतो थांबले तर नफा फुगतो आणि देणे लपते. असे देणे शास्त्रशुद्ध अंदाजाने ठरविले असेल तर बोनसच्या हिशेबात नफ्यातून वजा करता येते, असे १९६८ साली मेटल बॉक्सच्या खटल्यात न्यायालयाने मानले. त्याने त्या वर्षीचा बोनस घटतो, हे खरे. तरीही आमचे मत असे, की देणे वहीत यावेच. वहीत आलेले देणे मागता येते. न आलेल्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते.

भागधारक आपला भाग उद्या विकू शकतो. तीस वर्षे कारखान्यात घालविणाऱ्यास ती परत विकता येत नाहीत. लांब मुदतीचा गुंतवणूकदार तोच होय. त्याने ताळेबंदातील घसारा, तरतुदी आणि खालच्या बारीक टिपा आधी वाचाव्यात, नफ्याचा आकडा मागाहून.