भूल कोण देणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका नाकावरून बरीच चर्चा झाली. आपाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागून त्याचं नाक वाकलं, ते तसंच राहिलं. लग्न ठरायच्या आत ते सरळ करून घ्यायचं त्याच्या मनात होतं. त्याने फोनवर मला दवाखान्याचं पॅकेज वाचून दाखवलं. ऑपरेशन, खोली, औषधं, आधीचे-नंतरचे फोटो, सगळं त्यात होतं. मी विचारलं, "भूल कोण देणार?" तो म्हणाला, "असेल कुणीतरी, मामू. ते कोण विचारतं?"

ते विचारायलाच हवं, हे मला इतिहासाने शिकवलं. योगायोग असा की नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पुण्यापासूनच सांगावा लागतो.

ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिकत छापून आली. तो इंग्रज फौजेबरोबर होता. 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. (टिपू सुलतानविषयी मला आदर आहे, म्हणून हे वाक्य गाळणार नाही.) पुढे पुण्याकडच्या एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ही हकिकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीला नवी सुरुवात झाली. पण कावसजी असो की लंडनचा रुग्ण, दोघांनीही ते पूर्ण शुद्धीवर राहून सोसलं. ज्या नाकासाठी आज माणूस हौसेने सुट्टी टाकतो, त्यासाठी तेव्हा चार जणांनी धरून ठेवावं लागत असणार.

बोस्टनला 1846 मध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला. 1847 मध्ये एडिनबरोच्या सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. लोकांना वाटलं, आता वेदना संपली. अवघ्या अडीच महिन्यांत, 28 जानेवारी 1848 रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. शस्त्रक्रिया काय होती? पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. ऑपरेशन किती लहान आहे यावर भुलेचा धोका ठरत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

मग डॉक्टरांमध्ये भांडण लागलं. क्लोरोफॉर्मने आधी काय थांबतं, श्वास की हृदय? भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवायचं की डोळे छातीवर? हा वाद सोडवायला आयोग बसला तो लंडनला नव्हे, निजामाच्या हैदराबादला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचंच होतं. 1853 पासून कारभार इंग्रजांकडे, नाव मात्र 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. म्हणजे आमचा मोताळाही त्याच दौलतीत आला.

हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी 1888 मध्ये पहिला आयोग नेमला. लंडनच्या 'लॅन्सेट'ने निष्कर्ष मानला नाही, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंड दिले आणि म्हटलं, तुमचा माणूस पाठवा. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लागला की श्वास आधी थांबतो, श्वासावर लक्ष ठेवा. लॉरी इतके ठाम होते की हृदयाचा धोका त्यांनी धुडकावूनच लावला. तिथे ते चुकले. 1911 च्या सुमारास लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये, विशेषतः ॲड्रेनलिन दिल्यावर, हृदयाचा ताल एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे श्वासही पाहायचा आणि नाडीही. हातात सुरी असलेल्या माणसाला ते जमणारं नाही.

याच शाळेत, जिथे आधी वैद्यकाचं शिक्षण चक्क उर्दूतून दिलं जाई, रूपाबाई फर्दूनजी शिकल्या. 1889 मध्ये त्यांना 'हकीम' ही पदवी मिळाली. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म दिल्यानंतरही 1909 मध्ये त्या आणखी शिकायला एडिनबरोला गेल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे दरवर्षी सांगतो.

भाच्याला मात्र मी नाकापुरतंच सांगितलं. नाकाच्या ऑपरेशनमध्ये रक्त घशात उतरतं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना काम एकाच वाटेवर करायचं असतं. नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊन श्वासाची वाट मोकळी सोडली तर ते रक्त फुप्फुसात जाऊ शकतं. रक्त कमी यावं म्हणून नाकात ॲड्रेनलिनही टोचतात. क्लोरोफॉर्म आता नाही, पण किती टोचलं आणि हृदय काय म्हणतंय, हे पाहणारा दुसरा माणूस लागतोच. त्याच्याकडे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए. ही भूलशास्त्राची पदवी-पदविका हवी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो पहिल्या टाक्यापासून रुग्ण जागा होईपर्यंत खोलीत हवा. ऑक्सिजन मोजणारं यंत्र असून भागत नाही. ते वाजल्यावर काय करायचं, हे कळणारा माणूस हवा.

त्याने विचारलं. उत्तर आलं, "सर स्वतःच इंजेक्शन देतात, छोटंसं तर काम आहे." मी म्हटलं, हॅनाचं नखही छोटंच होतं. ॲडव्हान्सचे पैसे बुडाले. आपा माझ्यावर दोन दिवस नाराज होती.

दुसऱ्या ठिकाणी पैसे जास्त लागले. तिथे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी त्याला अर्धा तास बसवून घेतलं. घोरतोस का, दमा आहे का, एखादा दात हलतो का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का? शेवटच्या प्रश्नासाठी त्याने तिथूनच आईला फोन लावला. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. आपा म्हणाली, "रोज्यापेक्षा सोपं आहे."

ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर बाईंचं नाव आणि नोंदणी क्रमांक होता. आपाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला, काही न लिहिता. नाक अजून किंचित डावीकडे झुकतं, असं ती म्हणते. मला तर सरळ दिसतं.