भाजीचा श्वास आणि सक्रिय वेष्टन : इथिलीन शोषणाच्या तंत्राचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
तोडणीनंतरही भाजी जिवंत असते. ती प्राणवायू घेते. कार्बन डायऑक्साइड, बाष्प व उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास हा श्वसनवेग साधारणतः दोन ते तीन पट होतो. वेष्टनाने केवळ धूळ व आघात यांपासून रक्षण न करता आतील हवेतच हेतुपुरस्सर बदल घडवावा, या कल्पनेस ‘सक्रिय वेष्टन’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात या कल्पनेच्या जडणघडणीचा, विशेषतः इथिलीन वायूच्या संदर्भात, विचार केला आहे. हा इतिहास प्लॅस्टिकच्या शोधापासून मांडणे अपुरे ठरते. त्याचे मूळ दिवाबत्तीच्या वायूत आहे.

ज्ञानाचा पूर्वेतिहास :
१९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह यांनी प्रयोगशाळेतील वाटाण्याचे अंकुर सरळ न वाढता आडवे का होतात, याचा शोध घेतला. दिव्यांच्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण निघाले. वनस्पती स्वतःच हा वायू निर्माण करते, हे मात्र १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी पिकत्या सफरचंदांवरून सिद्ध केले. तत्पूर्वीच केंब्रिज येथे फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट यांनी साठवणगृहातील प्राणवायू घटवून व कार्बन डायऑक्साइड वाढवून फळे अधिक काळ टिकविण्याचे प्रयोग केले होते. पॉलिथीनचा शोध १९३३ चा. म्हणजे पिशवी आणि तिच्या आत काय घडते याचे ज्ञान, दोन्ही जवळपास एकाच वेळी हाती आली; त्यांची सांगड पडण्यास मात्र तीन दशकांहून अधिक काळ गेला.

ती सांगड ऑस्ट्रेलियात पडली. १९७० मध्ये स्कॉट, मॅकग्लासन व रॉबर्ट्स यांनी हिरव्या केळ्यांच्या पॉलिथीन पिशवीत पोटॅशियम परमँगनेट ठेवून पिकण्याची क्रिया लांबविल्याचे प्रसिद्ध केले. परमँगनेट इथिलीनचे ऑक्सिडीकरण करते व त्याचा जांभळा रंग तपकिरी होतो. भाजीच्या दृष्टीनेही हा शोध मोलाचा होता, कारण इथिलीनमुळे काकडी व ब्रोकोली पिवळी पडते, गाजर कडवट होते. टोमॅटो तर स्वतःच या वायूचा उत्पादक. त्याच्या शेजारी काकडी ठेवणे म्हणूनच गैर.

शाश्वततेचा प्रश्न :
युरोपीय संघाने २००४ च्या नियमनात सक्रिय वेष्टनास कायदेशीर स्थान दिले. पुढे पिष्ट व कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन यांच्या विघटनशील पटलांकडे संशोधक वळले. येथे एक अंतर्विरोध आहे. पिष्टाचे पटल ओलाव्याने दुबळे होते आणि भाजी तर सतत बाष्प सोडते. शिवाय शीतसाखळी नसलेल्या बाजारात बंद पिशवीतील भाजी प्राणवायूअभावी आंबू लागते. केंब्रिजच्या प्रयोगांना थंडीची जी जोड होती, ती आपल्या आठवडी बाजारातील विक्रेत्यास नाही. या दृष्टीने दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित झालेला शून्य-ऊर्जा शीतकक्ष अधिक मूलगामी वाटतो : विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू आणि बाष्पीभवनाने मिळणारा गारवा. वेष्टनाच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो, कारण तो वेष्टन नाही.

परमँगनेट विषारी असल्याने त्यास भाजीचा स्पर्श होऊ न देता ते स्वतंत्र पुडीत ठेवावे लागते. पटल विघटनशील झाले, तरी तपकिरी पडलेली ही पुडी कोठे टाकावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.